वजनाला हलकं

जालन्यात कुठलीही नवी वस्तू घरात आली की दोन प्रश्न ठरलेले. ‘केवढ्याला पडली?’ आणि ‘वजन किती?’ पहिला प्रश्न साऱ्या महाराष्ट्रात विचारतात. दुसरा खास आमचा. ज्या गावाच्या औद्योगिक वसाहतीत रात्रंदिवस भट्ट्या धगधगतात, जिथून सळयांनी लादलेले ट्रक सतत बाहेर पडतात आणि लोखंडाचा आजचा भाव चहाच्या टपरीवरसुद्धा कळतो, त्या गावात चांगल्या वस्तूची खूण एकच. ती उचलताना कमरेत चमक भरली पाहिजे. त्यामुळे आमच्या चिरंजीवांनी पुण्याहून पाठवलेलं, बोटाच्या ठशावर उघडणारं, वायफायवर चालणारं बिनकिल्लीचं कुलूप खोक्यातून बाहेर निघालं तेव्हा गल्लीतल्या जाणत्या मंडळींनी ते आळीपाळीनं तळहातावर तोलून पाहिलं. एकमेकांकडं बघितलं. आणि एकानं निकाल दिला, “हलकं हाय.”

मग किंमत. मी ती सांगितली, म्हणजे निम्मी सांगितली. पूर्ण किंमत सांगायचं धाडस मला अजून घरातसुद्धा झालेलं नाही.

“एवढ्यात तर अख्खं दार आलं असतं,” वेल्डिंगच्या दुकानवाले मामा म्हणाले. “आन् वर खिडकीला ग्रिल.”

चिरंजीवांचं म्हणणं असं, की घरात तुम्ही दोघं आणि आजी, तिघंच असता, काळजी वाटते. हे वाक्य पुण्याहून जालन्याला फोनवर येतं तेव्हा त्याचा अर्थ ‘दिवाळीपर्यंत काही माझं येणं होत नाही’ असा घ्यायचा असतो. मुलगा यायच्या ऐवजी वस्तू येते. आधी पाणी शुद्ध करायचं यंत्र आलं. मग रक्तदाब मोजायचं आलं. मग फरशी पुसत फिरणारी एक तबकडी आली. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन अडते, तिथंच गोल गोल फिरते आणि आई तिला “सरक बाई बाजूला” म्हणते. आता कुलूप आलं. काळजी जितकी जास्त तितकं खोकं मोठं.

चोरांचं म्हणाल तर ‘जालना, सोन्याचा पालना’ ही म्हण ऐकून एखादा आलाच आमच्याकडं, तर त्याची घोर निराशा होईल. पालना गावात आहे, आमच्या गल्लीत नाही. तो नेमका कुठं आहे हे ऑगस्ट २०२२ मध्ये साऱ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. प्राप्तिकर खात्याची माणसं गावात धाड घालायला आली ती लग्नाच्या वऱ्हाडाचं सोंग घेऊन. गाड्यांवर ‘दुल्हन हम ले जायेंगे’ची स्टिकरं. आता ऐन श्रावणात वऱ्हाड कुठून आलं, चातुर्मासात कुठल्या भटजीनं मुहूर्त काढून दिला, हा प्रश्न गावात एकालाही पडला नाही. वऱ्हाड दिसलं की रस्ता द्यायचा, ही आपली रीत. त्या वऱ्हाडानं ५० कोटींच्या वर रोकड आणि ३२ किलो सोनं असं रुखवत बाहेर काढलं आणि नोटा मोजायलाच म्हणे १३ तास लागले. दारांना कुलपं तिथंही असणारच, आणि ती नक्कीच वजनदार असणार.

त्याच महिन्यात जांब समर्थला, रामदासांच्या जन्मगावी, देवळातल्या पंचधातूच्या राममूर्ती चोरीला गेल्या. पोलिसांनी दोनेक महिन्यांनी त्या शोधून आणल्या तेव्हा कुठं जिल्ह्याच्या जिवात जीव आला. म्हणजे एकाच महिन्यात बघा, ज्यांच्याकडं सोनं होतं त्यांच्याकडं सरकार गेलं आणि ज्यानं घरदार सोडलं त्या संन्याशाचे देव चोरांनी नेले. मधल्या आमच्यासारख्यांकडं दोघांनीही ढुंकून पाहिलं नाही. हा हिशेब मी चिरंजीवांना फोनवर नीट समजावून सांगितला. तो शांतपणे ऐकून म्हणाला, “हो बाबा. तरी पण लावून घ्या.”

कुलूप बसवायला कंपनीचा माणूस छत्रपती संभाजीनगरहून यायचा होता. सकाळी दहा ते संध्याकाळी सहाच्या दरम्यान. तो पावणेसहाला आला. पोरगा गुणी होता, पाठीवर पिशवी, हातात ड्रिल; आल्या आल्या त्यानं दारावर एक कागदी नकाशा चिकटवला आणि कुठं भोकं पाडायची ते पेन्सिलीनं खुणावलं. इथवर सगळं बरं होतं. पण दार आमचं होतं.

आमच्या दाराला एक खोड आहे. पावसाळ्यात ते फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. मराठवाड्यात पाऊस कमी हे खरं, पण ते सागवानाला कुणी सांगितलेलं नाही. दार लावायचं तर डाव्या हातानं कडी धरून ते जरासं वर उचलायचं, उजव्या गुडघ्यानं खालून ढोसायचं आणि त्याच क्षणी खांदा द्यायचा. तिन्ही गोष्टी एकदम. घरात नवी सून आली की कुणाच्या चहात साखर किती हे कळायच्या आधी तिला दार लावायला शिकावं लागतं. आमच्या लग्नानंतर बायकोनं ही कला एका दुपारीच आत्मसात केली तेव्हा आईनं शेजारी जाऊन सांगितलं होतं, “पोरगी हुशार हाय.”

कुलपाला गुडघा नसतो. त्याच्या पोटात एक लहानशी मोटार असते. ती चार पेन्सिल सेलवर फिरते आणि पोलादी बोल्ट चौकटीतल्या खाचेत ढकलते. खाच समोर असेल तर ठीक. सुताभर इकडं तिकडं झाली की मोटार ‘घर्र’ करते, पुन्हा ‘घर्र’ करते, आणि मग आतून एक बाई इंग्रजीत बोलते, ‘प्लीज ट्राय अगेन.’ ही बाई पुढं आमच्या आयुष्यात फार येणार होती. त्या संध्याकाळी ती पहिल्यांदा बोलली तेव्हा आई देवापुढं दिवा लावत होती. तिनं मागं वळून विचारलं, “कोण आलं बरं?”

शेवटी गल्लीतल्या सुतार मिस्तरींना बोलावणं धाडलं. मिस्तरी आले, त्यांनी कुलूप हातात घेऊन तोललं, काही बोलले नाहीत. मग दाराकडं एक डोळा मिटून बघितलं.

“दार बरोबर हाय. कुलूप तिरपं बसू लागलं.”

“कुलूप बरोबर आहे काका,” पोरगा म्हणाला. “दार तिरपं आहे.”

वातावरण तापायला लागलं तसं मिस्तरींनी पिशवीतून ओळंबा काढला. दोरी सोडली, सगळे श्वास रोखून थांबले. निघालं असं, की कुलूपही बरोबर आणि दारही बरोबर. भिंतच तिरपी आहे. ज्या घरात मी जन्मलो, वाढलो, ज्या भिंतीला टेकून वडील पेपर वाचायचे, ती भिंत जन्मापासून कललेली आहे हे मला एका कुलपामुळं कळलं. मिस्तरींनी मग रंधा काढला, दाराची कड तासली, चौकटीतली खाच पटाशीनं रुंद केली. बोल्ट आत गेला. बाई या वेळी काही बोलली नाही, नुसतं एक ‘टिंग’ वाजलं. मिस्तरींनी मजुरी घेतली आणि जाताना म्हणाले, “पावसाळ्यात बघू आता.” कंपनीच्या पोराला ते धमकीसारखं वाटलं, पण ते आश्वासन होतं.

मग कुलूप वायफायला जोडायचं. हे काम चिरंजीवांनी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर करून घेतलं. हे कुलूप एका ठरावीक वायफायलाच जुळतं, दोन पॉइंट चार गिगाहर्ट्झच्या. आमच्या राउटरमधून दोन निघतात, एक पाचचं आणि एक दोन पॉइंट चारचं. मला वाटलं होतं पाचचं घ्यावं, आकडा मोठा आहे. चिरंजीव म्हणाले, नाही बाबा, पाचचं वेगवान असतं पण भिंतीतून धड जात नाही. दोन पॉइंट चारचं सावकाश असतं, पण लांबवर पोचतं. एसटी आणि वंदे भारत यांतला फरक मी जालन्याच्या स्टेशनवर उभ्या उभ्या कित्येकदा पाहिलाय, त्यामुळं लगेच पटलं. तर कुलूप सापडलं, राउटर सापडला, पासवर्ड सापडला, ॲपनं माझं ठिकाण, माझे फोटो आणि माझे सगळे ओळखीचे लोक मागितले, मी ते दिले, पडद्यावर गोल गोल चक्र फिरायला लागलं, नव्वद टक्के झालं आणि लाईट गेली.

लाईट येईपर्यंत कंपनीच्या पोरानं चहा घेतला, पोहे खाल्ले. आईनं त्याचं गाव, आडनाव, बहिणींची लग्नं आणि त्याला स्थळं येऊ लागली का, हे सगळं विचारून घेतलं. ॲपनं माझी जेवढी माहिती घेतली होती त्याच्या दुप्पट आईनं त्याची काढली, आणि तिला कुठलीही परवानगी मागावी लागली नाही.

त्यानंतर बोटांचे ठसे घ्यायचा कार्यक्रम झाला. १८९७ साली आपल्या देशात दोन गोष्टी घडल्या. मुंबईत आर्देशर गोदरेज नावाच्या पारशी गृहस्थांनी कुलपं बनवायला घेतली. हे मूळचे वकील. पण वकिलीत सत्याला मुरड घालावी लागते म्हणून त्यांनी ती सोडली, मग शस्त्रक्रियेची हत्यारं बनवायचा उद्योग केला, तो बसला, आणि मग कुलपांकडं वळले. त्याच वर्षी कलकत्त्यात बोटांच्या ठशांचं जगातलं पहिलं कार्यालय उघडलं. ठशांची वर्गवारी लावायची किचकट रीत तिथं अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन देशी पोलीस अंमलदारांनी बसवली. नाव अर्थातच गोऱ्या साहेबाचं, हेन्रीचं झालं. तर एका शहरात चोराला बाहेर ठेवायची विद्या आणि दुसऱ्या शहरात चोराला हुडकून काढायची. सव्वाशे वर्षांनी या दोन्ही विद्या आमच्या दारावर एकत्र आल्या आणि घरमालकाला बाहेर ठेवू लागल्या.

आमच्या आजोबांनी सावकाराच्या वहीत अंगठे उठवले होते. पोराला तो उठवायला लागू नये म्हणून त्यांनी वडिलांना शाळेत घातलं. वडिलांनी सही केली, आणि तीही अशी की बँकेच्या कारकुनानं वर मान करून पाहावं. मी शिकलो, मुलगा तर इंजिनिअर झाला. आणि या इंजिनिअरनं परवा पुण्याहून सगळ्या घराला रांगेत उभं करून अंगठे घेतले.

माझा अंगठा एका झटक्यात नोंदला गेला. बायकोचा मेंदीमुळं जरा अडला, पण गेला. आईचा जाईना. उजवा अंगठा, डावा, तर्जनी, मधलं बोट. पुसून, कोरडं करून, तोंडाची वाफ देऊन. बाई आपली प्रत्येक वेळी त्याच सुरात ‘ट्राय अगेन’. त्यात बाईचा दोष नाही. आईचे हात भाकरी थापून, राखेनं भांडी घासून आणि उमेदीच्या सगळ्या वर्षांत शेतावर कापूस वेचून गुळगुळीत झालेले. रेघा बोटांवरून निघून पऱ्हाटीला लागलेल्या. आधार क्रमांक देशात पहिल्यांदा दिला गेला तो आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० ला, आणि तेव्हापासून खेड्यापाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांनी मशीनवर अंगठा दाबून दाबून किती दुपारी घालवल्या असतील ते रेशन दुकानाच्या पायरीला ठाऊक.

“रेशनवाल्याच्या मशीननं वळखलं नाही,” आई म्हणाली. “बँकेच्या मशीननं वळखलं नाही. आता घरचं दारच इचारू लागलं, तू कोण म्हणून.”

कंपनीचा पोरगा ओशाळला. त्यानं पिशवीतून एक निळी टिकली काढली, बोराएवढी. ती कुलपासमोर धरली की दार उघडतं. आईनं ती उलटीसुलटी करून पाहिली आणि कमरेच्या जुडग्यात अडकवली, कपाटाची, कोठीची आणि देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्याची किल्ली असते तिथं. खोक्यावर ‘किल्ल्यांच्या कटकटीतून कायमची मुक्ती’ अशी जाहिरात होती. मुक्तीची किल्ली आईच्या जुडग्यात जाऊन बसली. शिवाय खोक्यात एक खरीखुरी लोखंडी किल्ली होतीच, अडीनडीची. खालच्या झाकणामागं तिचं छिद्र लपवलेलं असतं. एवढं सगळं करून शेवटी किल्ली असतेच, हे पाहून मामांना फार समाधान वाटलं. ती किल्ली कुठं ठेवायची यावर चर्चा व्हायच्या आतच आई ती घेऊन शेजारच्या काकूंकडं देऊन आली.

राहिला पिन. सहा आकडी, गुप्त. चिरंजीवांनी बजावलं होतं, जन्मतारीख नको, गाडीचा नंबर नको, एक दोन तीन चार तर मुळीच नको. मी बराच विचार करून ०१०५८१ ठरवला. १ मे १९८१ ला औरंगाबाद आणि परभणीतून काढून जालना जिल्हा झाला, त्याची तारीख. घरातल्या कुणाशी संबंध नाही, पण विसरायची भीतीही नाही. चोराच्या तर स्वप्नातही यायची नाही. ही युक्ती किती हुशारीची आहे हे मी ओट्यावर उभं राहून जमलेल्या सगळ्यांना सविस्तर समजावून सांगितलं. सगळ्यांना ती पसंत पडली. समोरच्या घरातल्या पाचवीतल्या पोरानं तर शाळेच्या वहीत लिहून घेतली, जिल्ह्याच्या इतिहासाला उपयोगी पडेल म्हणून.

कंपनीचा पोरगा जाताना कळवळून म्हणाला, “काका, एक सोय आहे. कुणी बघत असेल तर खऱ्या पिनच्या आधी आणि नंतर वाट्टेल ते आकडे दाबायचे. मधे बरोबर पिन आला की उघडतं.” त्यानंतर आमच्या दारापुढं उभं राहून माणसं टेलिफोन एक्स्चेंजात बसल्यागत आकडे दाबताना दिसू लागली.

पहिले काही दिवस कौतुकात गेले. मग एका संध्याकाळी चिरंजीवांचा फोन आला. “बाबा, काल रात्री पावणेअकराला कुठून आलात?” मी गांधी चमनकडं मित्रासोबत पान खायला गेलो होतो. हे कुलूप कोण कधी आलं, कोण कधी गेलं, याची मिनिटागणिक नोंद ठेवतं आणि ती पुण्यात वाचायला मिळते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी कॉलेजात असताना नीलम टॉकीजचा रात्रीचा खेळ बघून आलो की वडील ओसरीत अंधारात जागे बसलेले असायचे. काही बोलायचे नाहीत, नुसते खाकरायचे. त्या खाकरण्याला घाबरून मी कडी न वाजवता दार लावायला शिकलो, गुडघा, खांदा, सगळं सांभाळून. आता वडील नाहीत, तर मुलगा खाकरतो. मधल्या काळात कधी तरी माझी खाकरायची पाळी येऊन गेली असणार. ती कधी आली ते कळलंच नाही.

धुळवडीला हत्ती रिसाल्याची मिरवणूक पाहून घरी आलो तर आमच्या दोघांचीही बोटं कुलपाला पटेनात. हिरव्या-जांभळ्या रंगाखाली ठसे गडप. दोघं नवरा-बायको भूत होऊन ओट्यावर उभे आणि आतून आई टिकली हातात घेऊन खिडकीतून निरखत विचारते, “कोण पाहिजे?”

पण खरी परीक्षा नळाच्या रात्री झाली. जालन्यात नळाला किती दिवसांनी पाणी येतं हे पाव्हण्यांनी विचारू नये. येतं. जायकवाडीहून इतक्या लांबून यायचं म्हटल्यावर उशीर होणारच. ते कधी येईल याचा नेम नसला तरी कुठल्या वेळी येईल याचा अंदाज असतो, ती वेळ माणसांनी झोपायची असते. तर रात्री दीडच्या सुमाराला गल्लीत आरोळी उठली, “नळ आले!” बायको आणि आई मंठ्याला लग्नाला गेलेल्या. मी लुंगी-बनियनवर उठलो, बाहेर धावलो, पाइप जोडला, मोटार लावली, हौदाचं झाकण काढलं. मागं ‘टिंग’ वाजलं. काही सेकंदांत आपोआप लागायची त्याची सोय आहे, विसरभोळ्या माणसांसाठी.

बोट लावलं. ओलं बोट त्याला चालत नाही. लुंगीला पुसावं तर लुंगीही ओली. ‘प्लीज ट्राय अगेन’, त्या शांत रात्रीत बाईचा आवाज पार कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत गेला असेल. गल्लीतल्या प्रत्येक ओट्यावर माणूस होता, पाणी भरत होता, आणि सगळ्यांनी हातातलं काम थांबवलं. मी पिन दाबला. ‘ट्राय अगेन.’

“शून्य एक, शून्य पाच, आठ एक!” समोरच्या गच्चीवरून पाचवीतल्या पोरानं सांगितलं.

“तेच दाबू लागलो रे!”

“सावकाश दाबा भाऊ,” चार घरं सोडून आवाज आला. “शेवटी आठ एक हाय, एक आठ नाही.”

“जिल्हा काढा, जिल्हा!” तिसऱ्या ओट्यावरून.

भाऊ सावकाश दाबत होते. पण पिन सगळ्या गल्लीला पाठ आहे ही बातमी आजीच्या बोलण्यातून पुण्याला पोचली होती आणि चिरंजीवांनी त्याच संध्याकाळी तिकडून नवा पिन बसवला होता. तो मला कळवलाही होता. मेसेज माझ्या फोनवर आला होता, फोन उशाशी होता आणि उशी घरात. पाचव्यांदा चुकल्यावर बाईनं मला चोर ठरवलं आणि तिची शिट्टी सुरू झाली. त्या क्षणी पुण्यात चिरंजीवांच्या मोबाइलवरही धोक्याचा इशारा गेला होता असं नंतर कळलं. त्यांचा मोबाइल रात्री म्यूट असतो.

शेजारच्या काकू हंडा खाली ठेवून आत गेल्या आणि अडीनडीची किल्ली घेऊन आल्या. झाकण सरकवलं, किल्ली फिरवली, दार उघडलं. मग माझ्याकडं न बघता, दाराकडं बघत म्हणाल्या, “वैनींनी दिली तवाच म्हणलं होतं, लागंल.”

याच काकूंनी मागं एकदा शिंगणापूरचा विषय काढला होता. शनीच्या गावाला घरांना दारंच नाहीत, नुसत्या चौकटी, फार तर पडदा, नाही तर कुत्रं येऊ नये म्हणून टेकवून ठेवलेली फळी. आन् तुमचं हे काय चाललंय, असा त्यांचा रोख. आमच्याकडून नेवाशाच्या बाजूला गेलं की ते गाव लागतं, आणि तिथला किस्सा मला ठाऊक होता. २०११ च्या जानेवारीत युको बँकेनं तिथं शाखा उघडली. आता आली पंचाईत. गावाची श्रद्धा अशी की कुलूप लावलं तर शनिदेवाचा अविश्वास केल्यासारखं होतं. आणि बँकेचा नियम असा की कुलूप न लावलं तर रिझर्व्ह बँकेचा अविश्वास ओढवतो. मधला मार्ग निघाला. काचेचं दार बसवलं, आरपार दिसणारं, आणि त्याला विजेच्या चुंबकाचं, रिमोटवर चालणारं, बघणाऱ्याला सहसा दिसणार नाही असं कुलूप. बिनतारी कुलूप माझ्या दारावर यायच्या कितीतरी आधी कुलूप नसलेल्या गावात पोचलं होतं. शनिदेवाची दृष्टी तीक्ष्ण म्हणतात; त्यांनी काय ते ओळखलं असेल. २०१५ मध्ये तिथं पोलीस ठाणंही झालं.

दिसत नाही, ही त्या कुलपाची खुबी होती. आमच्या कुलपाचं दुखणंही तेच निघालं.

झालं असं, की आम्ही तिघं राजूरच्या गणपतीला गेलो असताना घनसावंगीकडचे पाव्हणे आले. आईचा मामेभाऊ, त्याची बायको, दोन नातवंडं आणि मोसंबीची पिशवी. फोन करून यायची आमच्यात पद्धत नाही. फोन करून येणं म्हणजे तुमच्या प्रेमाबद्दल शंका घेणं. त्यांनी बेल वाजवली. पुन्हा वाजवली. दाराला कुलूप नाही. कडी मोकळी. म्हणजे आतून लावलेलं, म्हणजे माणसं घरात आहेत. नेमक्या काकूही त्या दिवशी कीर्तनाला गेलेल्या. पाव्हणे ओट्यावर तासभर बसले, नातवंडांनी बेल वाजवून पाहिली, फटीतून आत डोकावायचा प्रयत्न केला, आणि मग मोसंबीची पिशवी तशीच परत घेऊन ते गेले. पिशवी परत गेली म्हणजे काय झालं हे मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगायला नको.

आठवडाभरात सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांत गवगवा झाला, की पोरगा पुण्यात कमावू लागल्यापासून यांचा थाट वाढला. घरात असून दार उघडत नाहीत. आईनं स्वतः फोन लावला. “आरं, आम्ही नव्हतोच घरी. राजूरला गेलतो.”

पलीकडून थोडा वेळ काही आवाज नाही. मग प्रश्न आला, “मग कुलूप कुठं होतं?”

याला उत्तर नव्हतं. सांगायला गेलं तर कुलूप होतं, चांगलं निम्म्या किमतीतही महाग असलेलं कुलूप होतं. पण दाराला कुलूप लटकतंय म्हणजे मंडळी बाहेर गेलीत, बसा शेजारी, पाणी प्या, निरोप ठेवा. कुलूप नाही म्हणजे आहेत, हाक मारा. हा कारभार आमच्याकडं पिढ्यान् पिढ्या विनातक्रार चालत आला. दूधवाल्याला तो कळायचा, पोस्टमनला कळायचा, वर्गणी मागणाऱ्यांना तर लांबूनच कळायचा. त्यासाठी ॲप लागत नव्हतं. चिरंजीव म्हणाले, तेच तर, बाहेरून बघणाऱ्याला घरात कुणी आहे की नाही कळूच नये, हाच तर फायदा. चोराला समजत नाही.

“चोराला समजलं तर समजू दे,” आई म्हणाली. “त्याला न्यायला हाय काय इथं. सोयऱ्याला समजलं पाहिजे.”

आणि तिनं कोठीतल्या पत्र्याच्या डब्यातून वडिलांच्या वेळचं अलीगढी पितळी कुलूप काढलं. त्याची किल्ली केव्हाच हरवली आहे, त्यामुळं ते लागत नाही. नुसतं अडकवता येतं. चिंच लावून घासलं, चकचकीत केलं. तेव्हापासून आम्ही बाहेर निघालो की मी अंगठा लावतो, ‘टिंग’ वाजतं, पुण्याला नोंद जाते, आणि मग आई ते पितळी धूड नव्या कुलपाच्या दांड्यात लटकवते. मामांनी ते हातात घेऊन तोललं आणि पहिल्यांदाच मान डोलावली.

मध्यंतरी मोफत तपासणीसाठी कंपनीचा तोच पोरगा आला. सेल बदलले, खाच पाहिली, मिस्तरींच्या कामाची तारीफ केली. मग दांडा जरासा खाली झुकलेला बघून त्याला ते पितळी कुलूप दिसलं.

“आजी, हे इथं लटकवू नका. एवढं वजन दांड्याला चालत नाही. वॉरंटी जाईल.”

“जाऊ दे रे बाबा वॉरंटी,” आई म्हणाली. “पाव्हणे गेले नाही पाहिजेत. तू बस, च्या टाकते. आन् तुझ्या बहिणीचं जमलं का बरं?”